मधली खुर्ची

"त्यांना दहावीला किती टक्के होते?" अमृतरावांनी विचारले.

"स्वीडनमध्ये आपल्यासारखे बोर्ड नाही, सर."

"आसं कसं? मंत्री होत्या म्हणता ना तुम्ही? मग बिगर टक्क्याचं कोण मंत्री करतंय?"

"मंत्री आपल्याकडेही बिगर टक्क्यांचेच होतात," मी म्हणाले. अमृतरावांनी ते ऐकले नाही. ज्या वाक्यात आकडा नाही ते वाक्य त्यांच्या कानापर्यंत पोचत नसे.

लातूरच्या भूकंपाला आठ वर्षे झाली होती. जमीन थांबली आणि तिच्यावर गुणवत्ता यादी डोलू लागली. औसा रोडवरच्या निम्म्या घरमालकांनी गच्चीवर पत्रे टाकून खोल्या काढल्या होत्या. त्या खोल्यांतून मुखेडच्या, हिमायतनगरच्या, नकाशात ठिपकाही नसलेल्या वस्त्यांवरच्या मुली लोखंडी पेटीवर वही ठेवून पहाटेपासून घोकत बसत. रस्त्याने जाताना वाटे, हे सारे शहर झोपेत ओठ हलवीत आहे. मी नांदेडला मराठी कवितेवर एम. ए. केले होते. गोदावरीच्या घाटावर बसून, ज्यांना कुठल्याच मोंढ्यात भाव नाही असे शब्द दोन वर्षे वेचले होते. लातूरने त्यांच्या बदल्यात मला बारावीचे इंग्रजी शिकवायला दिले. अमृतरावांच्या क्लासमध्ये माझे नाव 'इंग्लिशवाल्या मॅडम' एवढेच होते, आणि इंग्रजीशी दूरान्वयानेही संबंध असलेली सारी कामे त्या नावाच्या ओघाने माझ्याकडे येत.

हे कामही तसेच आले. मार्गित ऑस्टलुंड नावाच्या स्वीडिश राजकारणी बाई लातूरला येणार होत्या. भूकंपानंतर त्यांच्या गावाने वर्गणी काढून इथल्या एका नव्या गावठाणात बालवाडी बांधून दिली होती. ती पाहायला त्या येत होत्या. अमृतरावांनी कुणाकुणाला मध्ये घालून त्यांचा एक तास मागून घेतला आणि आपल्या मुलींच्या वसतिगृहाचे उद्घाटन त्या तासात बसवले. परिचय मी लिहायचा, मी वाचायचा, आणि भाषांतरही मीच करायचे.

तो परिचय मी महिनाभर लिहिला. सायबर कॅफेत बसून हळूहळू उमटणारी पाने वाचली. लिहिता लिहिता त्या बाई माझ्या खोलीत राहायलाच आल्या. उत्तरेकडच्या एका लाकूडतोड्यांच्या गावात जन्म, जिथे हिवाळ्यात दिवस म्हणजे नुसता करडा उसासा. टेलिफोनच्या कचेरीत जोडणीचे काम. तिथे बायकांना पगार कमी म्हणून पहिला संप. त्यातून गावची नगरपालिका, मग संसद, मग मंत्रिपद. मग एक दिवस त्यांच्याच पक्षाने, मार खाऊन घर सोडलेल्या बायकांसाठी जी आश्रयघरे होती त्यांचे अनुदान कापले, आणि मार्गितबाईंनी राजीनामा दिला. पक्षही सोडला. बायकांची स्वतंत्र यादी घेऊन निवडणुकीला उभ्या राहिल्या. हरल्या. आणि साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा आपल्या गावच्या नगरपालिकेत निवडून आल्या, जिथून निघाल्या होत्या तिथेच.

"म्हंजे खाली खाली आल्या," अमृतराव म्हणाले. त्यांच्या हातात लाल पेन होते. "नगरपालिका, संसद, मंत्री. हितवर बरोबर हाय. हितंच थांबा."

"सर, त्यांचे खरे काम त्याच्यानंतरचे आहे."

"पोरींचं वसतिगृह हाय, मॅडम. उद्घाटनालाच हरल्याचं सांगायचं? पालक काय म्हणतील?" त्यांनी राजीनाम्यावर रेघ ओढली, मग स्वतंत्र यादीवर, मग पराभवावर. घटस्फोटाचे तीन शब्द त्यांनी इतके गिरवले की कागद फाटला. "आन् हे स्त्रीवादी काढा. त्यापरीस 'स्त्रियांविषयी कळवळा' घाला. ऐकायला बरं वाटतंय."

उरलेल्या परिचयात मार्गितबाई जन्मल्या, मंत्री झाल्या आणि लातूरला आल्या.

त्या बाईंचे सबंध आयुष्य ऐकलेली एकच व्यक्ती लातुरात होती. वहिदा. गंजगोलाईच्या मागच्या दाट वस्तीची ती नगरसेविका. तिची मुलगी उजमा माझ्या वर्गात होती. संध्याकाळी मुलीला न्यायला आली की वहिदा माझ्या टेबलाशी बसे, बुरख्याचा पडदा मागे टाकी आणि म्हणे, "हां मॅडम, काल संपावर आलो होतो. पुढं?" आणि मी पुढचा हप्ता सांगे.

तिचा नवरा गुलाम रसूल मंडप डेकोरेशनवाला. साऱ्या वॉर्डात 'नगरसेवक' म्हणून हाक मारली की वळून बघे तो गुलाम रसूल. तिचा नगरसेविकेचा शिक्काही त्याच्याच खिशात असे. भूकंपाच्या त्या सकाळी, विसर्जनाचे ढोल अजून कानांत असताना, ट्रक भरभरून जखमी लातूरच्या दवाखान्यात येऊ लागले, तेव्हा त्याने गोदामातला एकूण एक शामियाना आणून दिला. लग्नाच्या झालरींखाली लोक कण्हत पडले होते. हे गुलाम रसूलचे मोठेपण सगळ्यांना ठाऊक होते. पण त्या शामियान्यांच्या कनाती, म्हणजे भोवतीचे कापडी आडोसे, सोडवून त्यांतून बायकांच्या अंघोळीसाठी बंदिस्त जागा वहिदाने उभ्या केल्या होत्या. आठवडाभर अंगावर माती वाळलेल्या बायका तिथे पहिल्यांदा कपडे बदलून बाहेर आल्या. ते बायकांना ठाऊक होते. पुढे वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि ती मते कुठून आली हे गुलाम रसूलला आजवर नीट उमगलेले नव्हते.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी वहिदा आली तेव्हा मी लाल रेघांचा कागद नव्याने उतरवीत होते.

"संपली का स्टोरी?"

"हरल्या," मी म्हणाले.

"किती मतांनी?"

"तिथे पक्षाला शंभरात चार मते लागतात. तेवढीही पडली नाहीत."

"म्हंजे डिपॉझिटच गेलं," वहिदा म्हणाली. त्या हळहळीत धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्याच माणसाला दिलेला मान होता. मग ती टेबलावरच्या खडूशी खेळत बसली. "मॅडम, परवा तीनपर्यंत माझा अर्ज मागं घ्यायचाय."

"कसला अर्ज?"

"वॉर्ड आता बायकांचा राहिला न्हाई. सोडतीत खुला निघाला. तिकीट ह्यांना मिळालं. मी डमी."

"डमी?"

"ह्यांचा कागद छाननीत उडाला तर घरातलं एक तरी नाव राहावं, म्हणून माझा पण अपक्ष भरून ठेवला. आता छाननी झाली, ह्यांचा टिकला. मग माझा काढायचा. मी स्वतः जाऊन सही केल्याबिगर निघत न्हाई." ती हसली. "तुमच्या परीक्षेत डमी बसवला की पोलीस धरतात. आमच्यात पक्षच बसवतो."

"आणि तुम्हाला काढायचा नाही."

"मला कोण विचारून राहिलं?" खडू मोडला. "पाच वर्षं मीच फिरले. कुठल्या गल्लीत नळ गळतो, कुणाची पेन्शन अडकली, मला झोपेत उठवून विचारा. ह्यांना विचारा, तर कुणाच्या लग्नात किती खुर्च्या गेल्या ते सांगतील. पण मॅडम, एकाच यादीत मियाँबीवी, आन् एकाच दस्तरखानावर जेवायचं. हारले तर? जिंकायचं मला म्हाईत हाय. हार घालतात, पेढे देतात, आन् मगरीबच्या नमाजाआधी नळ गळतोय म्हणून सांगायला येतात. हारल्यावरचं म्हाईत न्हाई. उद्या त्या बाईंना माझं एवढं एक विचारा. हारल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं?"

"तुम्हीच विचारा. मी फक्त इंग्रजीत सांगेन."

"मला स्टेजवर कोण बोलावतंय!" म्हणत तिने उजमाला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या अंगणात मंडप उभा राहिला. अर्थात गुलाम रसूलचा. व्यासपीठाच्या बरोबर मध्यभागी लग्नात नवरदेवाला बसवायची खुर्ची होती: लाल मखमल, सोनेरी हात, हातांच्या टोकांना सिंहाची तोंडे. तिच्या दोन्ही बाजूंना गादीच्या साध्या खुर्च्या आणि खाली प्लास्टिकच्या. माणसांची उतरंड खुर्च्यांत कशी मांडायची, हे ज्ञान गुलाम रसूलच्या रक्तात होते. वॉर्डाचा प्रतिनिधी म्हणून व्यासपीठावरची एक गादीची खुर्ची त्याने स्वतःला ठेवली होती. निमंत्रणपत्रिकेवर ज्या वहिदाचे नाव छापले होते ती खाली पहिल्या रांगेत, उजमाशेजारी बसली.

जीप उशिरा आली. पुढच्या सीटवरून मार्गितबाईंचा सचिव लासे उतरला. उंच, रुंद, पिंगट दाढीचा, पन्नाशीचा माणूस. त्याच्या खांद्याला दोन बॅगा. मागच्या दारातून मार्गितबाई उतरल्या. बुटक्या, उन्हाने लाल झालेल्या, पायांत सपाट वहाणा. बालवाडीच्या गावातल्या बायकांनी दिलेली शेंगांची पिशवी त्यांनी छातीशी धरली होती.

गुलाम रसूलने क्षणभरही विचार केला नाही. विचार करण्यासारखे त्याला काही दिसलेच नाही. जिथे बाई निवडून येते तिथे साहेब पुढच्या सीटवर असतो, हे त्याचे पाच वर्षांचे पाठांतर होते. त्याने सर्वांत जाड हार लासेच्या गळ्यात घातला, दोन्ही हातांनी त्याचा हात धरून त्याला वर नेले आणि मखमली खुर्चीत बसवले. फेटेवाला तयारच होता. बघता बघता त्या दाढीवर गुलाबी फेटा चढला. इकडे अमृतरावांच्या पत्नी सिंधुताईंनी मार्गितबाईंना कुंकू लावले, नारळाने ओटी भरली आणि कडेच्या खुर्चीवर, बायकांच्या बाजूला, टेबलफॅनसमोर नेऊन बसवले.

मी अमृतरावांच्या कानाशी लागले. "सर, पाहुण्या त्या आहेत. हा त्यांचा सचिव."

अमृतरावांनी एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे पाहिले. त्यांना कळले. त्यांना कळल्याचे मला दिसले, आणि म्हणूनच पुढचे अधिक असह्य झाले.

"आता?" ते म्हणाले.

"आता त्यांना उठवा."

"बसल्याला पाव्हणा उठवू? फेटा बांधलेला माणूस? मॅडम, तुम्ही एवढं शिकून आसं बोलता व्हय? बाईंचं काय, त्यांची ओटी झाली. मान झाला त्यांचा."

लासे स्वतःच उठू पाहत होता. तो अर्धा उठला की गुलाम रसूल त्याच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवून त्याला खाली दाबी. "बसा साहेब, बसा, आपलंच घर हाय." लासे माझ्याकडे बुडणाऱ्या माणसासारखा पाहत होता.

मी परिचय वाचला. कागदावर नसलेले एक वाक्य मी सुरुवातीलाच मोठ्याने म्हणाले: "आजच्या प्रमुख पाहुण्या, स्वीडनच्या माजी मंत्री मार्गित ऑस्टलुंड, या इथे पंख्याजवळ बसल्या आहेत. मधल्या खुर्चीत त्यांचे सचिव आहेत." टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवताना सगळ्यांचे डोळे मधल्या खुर्चीकडे होते. मराठीत सांगूनही उपयोग नाही, तर मग कोणत्या भाषेत सांगायचे असते?

"आता साहेबांनी दोन शब्द बोलावेत," अमृतरावांनी जाहीर केले.

लासे उठला. फेट्याचा शेमला सावरीत तो इंग्रजीत म्हणाला की काहीतरी चूक झाली आहे. तो बाईंची बॅग उचलतो, त्यांच्या भेटी ठरवतो, कॉफी करतो. त्याला भाषण येत नाही. मी शब्दाला शब्द लावून भाषांतर केले. एक अक्षर सोडले नाही.

मंडप टाळ्यांनी दणाणला. अमृतरावांनी माइक ओढून घेतला. "पोरींनो, बघा. ह्याला म्हणतात विनम्रता! एवढा मोठा माणूस, पण म्हणतो मी बॅग उचलतो. लिहून घ्या!"

आणि वहीशिवाय कुठे न जाणाऱ्या आमच्या मुलींपैकी दोघीतिघींनी खरोखर लिहून घेतले.

मी मार्गितबाईंजवळ जाऊन वाकले. इंग्रजीत क्षमा मागितली. त्या शेंग सोलीत म्हणाल्या, "असू दे. तो त्या फेट्यात माझ्यापेक्षा छान दिसतो. आणि पंखा इथे आहे."

पंखा. महिनाभर मी या बाईचा राजीनामा ओंजळीत धरून लातूरच्या उन्हातून चालले होते. तिच्या पराभवासाठी एका लाल पेनशी भांडले होते. रात्री पत्र्यावर माकडे नाचली तरी मला तिच्या गावचे बर्फ पडताना ऐकू येई. आणि ही इथे येऊन, कपाळावर कुंकू आणि ओटीत नारळ घेऊन, पंख्याच्या वाऱ्यात शेंगा खात होती. मला अमृतरावांचा आला नव्हता इतका राग तिचा आला. दूरच्या ताऱ्याच्या उजेडात आपण वाचत बसावे आणि जवळ गेल्यावर त्याने म्हणावे, मला जरा डुलकी लागली होती, तसे ते होते.

"उजमाचे अब्बा," खालून आवाज आला.

वहिदा पहिल्या रांगेत उभी होती. मोठ्याने बोलली नव्हती; पण भर कार्यक्रमात तिने नवऱ्याला हाक मारली होती, त्यामुळे साऱ्या मंडपाच्या माना तिच्याकडे वळल्या.

"काय?" गुलाम रसूल म्हणाला.

"ती खुर्ची कुणाची हाय?"

"कुणाची म्हंजे? आपलीच."

"मग बाईंच्या शेजारी न्या."

"प्रोग्राम चालू हाय, वहिदा. नंतर बघू."

"ऱ्हाऊ द्या, मीच नेते. डावा पाय ढिला हाय तिचा. ओढून न्हेली तर मोडंल, धरून उचलावी लागती."

ती पायऱ्या चढून वर आली. मराठीचा गंध नसलेला लासे तेवढा सगळे समजला. तो टुणकन उठला, हार काढून सिंहाच्या तोंडाला अडकवला आणि खुर्चीची दुसरी बाजू धरली. तासाभरात पहिल्यांदा त्या माणसाला त्याचे नेहमीचे काम मिळाले होते. त्याचा चेहराच उजळला. दोघांनी मिळून ती अवजड खुर्ची उचलली. माइकची वायर पायात अडकून मंडपभर कर्कश शीळ वाजली. मुली हसू दाबता दाबता फुटल्या. गुलाम रसूल "डावा पाय, डावा पाय" करीत मागे धावला, कारण काही झाले तरी खुर्ची धंद्याची होती.

खुर्ची पंख्याजवळ ठेवली गेली. वहिदाने मार्गितबाईंना हाताने खूण केली: बसा.

मार्गितबाईंनी मान हलवली. "मला नको. मी इथे बरी आहे."

"काय म्हणतात?"

"नको म्हणतात," मी सांगितले. लाजेने माझे कान तापले.

वहिदाने त्या लाल मखमलीवरून हात फिरवला. "मंडपात मधली खुर्ची रिकामी ठेवत न्हाईत," ती म्हणाली आणि बुरखा सावरून स्वतःच तिच्यात बसली. "हां मॅडम. विचारा आता माझं."

अमृतराव मला घड्याळ दाखवीत होते. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि विचारले: हरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय झाले?

मार्गितबाईंनी शेंगांची पिशवी खाली ठेवली. लातूरला आल्यापासून बहुधा पहिल्यांदाच त्यांनी समोरच्या माणसाकडे नीट पाहिले. मग त्या थांबत थांबत बोलल्या, आणि मी त्यांच्या मागोमाग.

"घरात मी एकटीच होते. कॉफी केली. वर्तमानपत्र उघडले नाही. मला वाटत होते, आता या दाराची कडी कुणी वाजवणार नाही. तेवढ्यात फोन वाजला. गावातली एक म्हातारी. म्हणाली, आमच्या गल्लीतला दिवा कधीचा बंद आहे. मी म्हणाले, बाई, मी काल हरले. ती म्हणाली, ठाऊक आहे. म्हणूनच फोन केला. आता तुम्हाला वेळ असेल."

वहिदा इतकी मोठ्याने हसली की सिंहाच्या तोंडाला अडकवलेला हार खाली पडला. "तिकडं पण?" ती म्हणाली. "या अल्ला, तिकडं पण हेच?"

मार्गितबाईही हसू लागल्या. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता आणि दोघी डोळे पुशीत होत्या. मग बाईंनी मला विचारले, हिने हे का विचारले?

मी वहिदाकडे पाहिले. तिने मान हलवली. "सांगा, सहजच."

"सहजच," मी इंग्रजीत सांगितले.

आभार गुलाम रसूलने मानले. साहेबांनी वेळात वेळ काढून आल्याबद्दल आणि सोबत मॅडमनाही आणल्याबद्दल.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा वर्ग चालू असताना दारात गुलाम रसूल उभा. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला.

"मॅडम, वहिदा हिकडं आली का?"

"नाही. का?"

"दोन वाजून गेले. तहसीलमदी बाराला येते म्हणाली होती सहीला. कार्यकर्ते गेटवर बसून हैत. मला लोक विचारून राहिले, नगरसेवक, घरचाच अर्ज निघना का काय." तो दाराच्या चौकटीला टेकला. "काल तुमच्या बाईनं काय सांगितलं हो तिला? मला इंग्लिश कळत न्हाई, आन् मराठीत सांगितलं तवा मी वायर गुंडाळत होतो."

"गल्लीतल्या दिव्याचे सांगितले."

"दिव्याचं?" त्याला हायसे वाटले. "मग काय न्हाई. मला वाटलं राजकारणाचं काय सांगितलं." दोन पावले गेला आणि थबकला. "कुठल्या गल्लीतल्या?"

उजमा मागच्या बाकावरून म्हणाली, "अम्मी रत्नम्मा आजीकडं गेली. शिडी घिऊन."

गुलाम रसूलने स्कूटरला लाथ मारली. ती चालू होईना. मी वर्गाला निबंध दिला आणि पायी निघाले. गल्ली जवळच होती. एका बाजूला तांबटांची ठकठक, दुसऱ्या बाजूला रंगाऱ्यांच्या दोरीवर वाळणाऱ्या ओल्या ओढण्या, आणि त्यांच्यामधून जाणारी चिंचोळी वाट. टोकाच्या खांबाला शिडी लावून पालिकेचा वायरमन वर चढला होता. वहिदा खाली शिडी धरून उभी होती. रत्नम्मा नावाची म्हातारी ओट्यावर बसून दोघांनाही झोडपत होती.

"पाच वर्षं म्हणून राहिले दिवा, दिवा! आता इलेक्शन आलं म्हून चढवलं ह्याला. मला काय कळत न्हाई व्हय?"

"खरं हाय, खाला, चुकलं माझं," वहिदा म्हणाली. मग मला पाहून, "मॅडम, तीन वाजले का?"

"थोडा वेळ आहे अजून."

"मग जरा इकडून धरा. शिडी आमचीच हाय. हिचा पण एक पाय ढिला हाय."

मी शिडी धरली. लोखंड तापले होते. वर वायरमन पकडीने काहीतरी पिळत होता आणि गंजाचे कण आमच्या केसांवर पडत होते. कवितेत अशा जागी एखादी ओळ येते. इथे गंज येत होता.

गल्लीच्या तोंडाशी स्कूटर थांबली. गुलाम रसूल ओरडला, "वहिदा! चल, बस मागं! अजून दहा मिनिटं हैत!"

"कसं येऊ?" वहिदा जागची हलली नाही. "वर माणूस हाय. सोडली तर पडंल."

"मॅडम धरतील की!"

"मॅडमच्यानं ती न्हाई आवरायची. तुम्ही धरता?"

गुलाम रसूलने स्कूटर स्टँडवर लावली आणि तरातरा आला. मला बाजूला सारून त्याने शिडीचा ढिला पाय आपल्या बुटाने दाबला आणि दोन्ही हातांनी उभी चौकट धरली. आयुष्यभर मंडप उभारलेल्या माणसाची ती पकड होती. शिडी एकदम निमूट झाली. आता वहिदाला तिथे थांबायचे काहीच कारण उरले नव्हते.

तिने हात काढले, बुरख्याला पुसले. स्कूटरकडे पाहिले. मग रत्नम्माच्या ओट्यावर जाऊन बसली.

"खाला, पाणी द्या जरा," ती म्हणाली.

गुलाम रसूलला शिडी सोडता येत नव्हती. वर वायरमन "हाय का धरून?" म्हणत होता आणि तो "हाव, हाव" म्हणत होता. तांबटांची ठकठक तेवढी चालू होती. रत्नम्माने तांब्याभर पाणी आणले, आणि वहिदाने ते सगळे, सावकाश, घोट घोट करीत संपवले.

"वाजले तीन," गुलाम रसूल शेवटी म्हणाला. आवाजात राग होता की नुसता थकवा, मला ठरवता येईना. "आता काय, एका घराला दोन बॅनर लावू?"

"मंडप आपलाच हाय," वहिदा म्हणाली. "दोन लावा."

"लोक हसतील."

"काल हसलेच की. आभाळ कोसळलं का?"

तो काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात वरून खटका पडला. भर उन्हात, पांढऱ्या आभाळाखाली, तो दिवा लागला. लागला असावा, डोळे बारीक करून आम्ही चौघेही वर पाहत होतो आणि कुणालाच नक्की सांगता येत नव्हते.

"लागला का?" वायरमनने विचारले.

"रातीला बघू," रत्नम्मा म्हणाली. "आन् आता चढलाच हायस, तर कोपऱ्यावरचा पण कर."

वहिदा उठली. "आणा शिडी," ती नवऱ्याला म्हणाली, आणि कोपऱ्याकडे चालू लागली.